बन्सीलालचा वरचा ओठ

सुंदराचा साखरपुडा झाला ते साल एकोणीसशे सत्तर, महिना वैशाख. कडोदऱ्याचे व्याही पानावर बसले होते. त्यांच्या पंगतीत बसलेला नवरीचा बाप बन्सीलाल घास चावता चावता एकदम थांबला आणि तोंडावर हात धरून उठला. त्याची बायको धुरपदाबाई त्याच्यामागे चुलीपर्यंत आली.

"काय व्हयनं?"

"काही नही. दात हालस."

"दात तं सगळासनाच हालतस. त्यामा लपाडनं काय?"

"हळू बोल! व्याही बठेल शेत."

लपवण्यासारखं होतं, ते धुरपदाबाईला कळणारं नव्हतं. बन्सीलाल क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. ती काळी नळी वरच्या पुढच्या दातांवर टेकवायची आणि खालच्या ओठानं तिची वेताची पत्ती दाबायची, तेव्हा कुठे सूर निघतो. दात हलला की सूर हलला. पेटीवाल्याचं बोट दुखलं तर तो दुसरं बोट लावील, फुंकणाऱ्यानं काय लावायचं?

तरुणपणी तो धुळ्याहून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघाला होता. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून त्यानं नऊ वर्षं राजे-राण्यांची लग्नं आणि मरणं वाजवली, पण मान वर करून नाटक काही पाहिलं नाही. कंपनी सुरतेत येऊन मोडली. पडदे विकले, राजे-राण्या आपापल्या गावी गेल्या, बन्सीलाल मात्र इथंच राहिला. भागळजवळच्या मगनभाईच्या बॅंडात त्याला पहिल्या ओळीत जागा मिळाली. लाल कोट, खांद्यावर पिवळे गोंडे. उधन्याच्या वस्तीत बाकीचे खानदेशी कापडाच्या लूमवर जायचे, तो वरातीत जायचा.

बॅंडवाल्यांच्या घरात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की मांडवापासून गाडीपर्यंत बापानं स्वतः वाजवायचं. दुसऱ्याचं वाजवणं चालत नसे. इतरांचे बाप रडतात, बॅंडवाला बाप फुंकतो. सुंदराचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं.

बन्सीलालनं हिशेब केला. आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्नं नाहीत, वरात नाही, बॅंडचे कोट पेटीत. तेवढ्यात दातांचं काय ते करून घ्यावं. भागळवर एक पारशी डॉक्टर होता, म्हातारा आणि मायाळू. त्यानं तपासून सांगितलं, "आ बधा ढीला छे, भाई. काढी नाखीए. चोकठुं बेसाडी दईश, पथरा जेवुं."

दगडासारखी कवळी! बन्सीलालला वाटलं, हे तर बरंच झालं, आधीपेक्षा घट्ट बसेल. आपण काय काम करतो ते मात्र तो बोलला नाही. डॉक्टरच्या जिन्याखालून मगनभाईची रोजची ये-जा. बातमी फुटली असती तर पहिल्या ओळीची जागा गेली असती. डॉक्टरनं विचारलं, "काम शुं करो छो?" तर हा म्हणाला, "मिलमां."

वरचे सगळे दात काढले. श्रावण-भादवा त्यानं पेज पिऊन काढला. दसऱ्याच्या आधी कवळी बसवायला गेला, तेव्हा डॉक्टरनं त्याचा खालचा ओठ खाली ओढला आणि आतल्या बाजूला पडलेला घट्टा बोटानं चाचपला. मग चष्मा काढून विचारलं, "तमे शुं वगाडो छो?"

वाजवणाऱ्याचा ओठ त्यानं ओळखला होता.

"पहेलां कहेवुं जोईतुं हतुं ने, भला माणस! आगळना बे दांत हुं बांधी आपते. बे-चार वरस चालते."

पुढचे दोन दात बांधून दोन-चार वर्षं निघाली असती! जिना उतरताना बन्सीलालनं कठडा धरला. एरवी कधी धरत नसे.

कवळी लावून क्लॅरिनेट धरलं की कवळी खटकायची आणि सुराबरोबर तोंडात नाचायची. कवळी काढून धरलं की हिरडीतून रक्त. शेवटी त्यानं वरचा ओठ आत दुमडून त्याच्यावर नळी टेकवली. सूर निघाला, पातळ, आजारातून उठलेल्या माणसासारखा. पाव तास टिकायचा, मग ओठ सुन्न. हे एकट्या पंडितला ठाऊक होतं. पंडित म्हणजे बॅंडमधला दुसरा क्लॅरिनेटवाला, तिशीचा, याच्याच हाताखाली तयार झालेला. दिवाळीनंतर दोन वरातींत त्यानं बन्सीलालला सांभाळून घेतलं.

"वस्ताद, पोरीना लगीनमा मी उभा राहू का जोडीले?"

"रीत बापनी शे. तू तिना बाप शेस का?"

"तसं नही..."

"मंग मांगे उभा राहा. वाजाडू नको."

लग्नाच्या दिवशी दुपारी तीन वाजता सुंदरा निघाली. मांडवापासून नवऱ्या मुलाचा टेम्पो दीडशे पावलांवर. बॅंडवाले आज पैसे न घेता आले होते, मगनभाई स्वतः फेटा बांधून उभा. बन्सीलालनं कवळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली, ओठ दुमडला आणि फुंकलं.

पहिली ओळ धरली, दुसरीही. बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. मगनभाई शेजाऱ्याला म्हणाला, "जोयुं? आ अमारो बन्सीभाई!" चाळीसेक पावलं झाली. वरच्या सुरावर जाताना ओठ घसरला, तोंडाच्या कोपऱ्यातून वारा सुटला आणि नळीतून काहीच आलं नाही.

पण सूर थांबला नाही. मागे पंडितनं तो उचलला होता, असा की सांधा दिसू नये. बन्सीलालची बोटं चालत राहिली. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, नळी मुकी. लोकांना काही कळलं नाही. धुरपदाबाई रडत रडत अभिमानानं पाहत होती.

सुंदराला कळलं. पाळण्यात होती तेव्हापासून ती हा श्वास ऐकत आली होती. तिनं एकदाच वळून पाहिलं. आधी पंडितकडे, मग बापाच्या हनुवटीवरून ओघळलेल्या लाल रेषेकडे. लाल कोटावर ती दिसत नव्हती.

नवरीनं पावलापावलाला थांबायचं असतं. आईच्या गळ्यात पडायचं, मावशीच्या पडायचं, उंबऱ्याकडे पाहायचं. वाट जितकी लांबेल तितकं माहेर मोठं. सुंदरानं पदर खोचला आणि झपाझप चालायला लागली. धुरपदाबाईनं हात पसरले होते, सुंदरा त्या हातांच्या बाजूनं निघून गेली. टेम्पोत चढून बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चालो भाई, चालू करो."

टेम्पो हलला तेव्हा बन्सीलालनं नळी खाली घेतली.

"काय पोर वं माय!" शेजारची भागीरथी म्हणाली. "आसूना थेंब नही. मायना गळामा सुद्धा पडनी नही."

"दगड शे, दगड," धुरपदाबाई म्हणाली आणि तिथंच बसली.

बन्सीलालनं खिशात हात घालून रुमाल चाचपला. पोर कुणासाठी घाईनं गेली ते सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर, पोरीच्या लग्नात बापानं पुरतं वाजवलंच नाही, हेही सांगावं लागलं असतं. रुमाल त्यानं तसाच खिशात राहू दिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मगनभाईला एवढंच सांगितलं, "आता मागे राहतो." पंडित पहिल्या ओळीत आला, बन्सीलाल झांजा घेऊन शेवटच्या. कोट तोच.

सुंदरा सणाला यायची, जायची. धुरपदाबाई तिला जेवायला वाढायची, पण मायेनं कधी जवळ घेतलं नाही. "जाताना मागं पाह्यलं नही तिनी," हे ती आल्या-गेल्याला सांगायची. बन्सीलाल ऐकत असायचा आणि दर वेळी त्याला वाटायचं, आज बोलावं. पाच वर्षं गेली.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर त्याच्या छातीत पाणी झालं. सुंदरा कडोदऱ्याहून आली, महिनाभर राहिली. एके दिवशी दुपारी धुरपदाबाई पायाशी बसली होती, तेव्हा तो उशीवरून मान उचलून म्हणाला, "ऐक वं. सुंदरा त्या दिन..."

सुंदरानं पाण्यानं भरलेला चमचा त्याच्या ओठांशी नेला.

"आबा, पानी प्या."

"माले सांगू दे."

"पानी प्या, आबा. दम लागी तुम्हले."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला.

बन्सीलाल जानेवारी एकोणीसशे शहात्तरमध्ये, मंगळवारी सकाळी, उधन्याच्या घरी वारला. धुरपदाबाई तीन वर्षांनी, एकोणऐंशीच्या ज्येष्ठात वारली. तिला शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं.