होकार

व्हर्नाने लेकीच्या पांढऱ्या टोपीत पिन खोचली, तशी जॅनेलने मान मागे घेतली.

"टोचली का गं?"

"नाही."

प्रार्थनाघराच्या त्या अरुंद खोलीत बायकांच्या शाली टांगलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघतच व्हर्ना म्हणाली, "एक शब्द तर बोलायचाय. मग सगळं मिटेल. बाबांनाही चारचौघांत मान वर करता येईल."

जॅनेलने टोपीची नाडी स्वतःच बांधली.

वेंडेल लहान मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायचा. आवराआवरीच्या निमित्ताने जॅनेलला मागे ठेवायचा आणि दार लावून घ्यायचा. हे वर्षभर चाललं होतं. तिने घरी सांगितलं, तेव्हा पोलिसांचं नाव काढायचं नाही, असं बापाने बजावलं. वेंडेलने बिशपपुढे गुडघे टेकले, शिक्षा म्हणून काही रविवार मागच्या बाकावर बसला. आता तिने माफ करायचं राहिलं होतं. एकदा माफ केलेलं पुन्हा तोंडावर आणायचं नाही, अशी त्यांच्या पंथात रीत होती.

भजन संपलं. बिशप एल्वुडनी तिला उभं केलं.

"जॅनेल, आपल्या या बंधूला तू माफ केलंस ना?"

कुणीतरी खाकरलं. पुरुषांच्या बाजूला तिचा बाप मर्ल बुटांकडे बघत बसला होता. व्हर्नाच्या कानशिलांची आग व्हायला लागली. तिने लेकीच्या कमरेत बोटं ढोसली.

"हो," जॅनेल म्हणाली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वेंडेलने रुमालाने डोळे टिपले. मागून व्हर्नाच्या खांद्यावर थाप पडली, "गुणाची पोर हो तुमची!" व्हर्नाला हायसं वाटलं.

"देवाची कृपा," बिशप म्हणाले. "पुढच्या रविवारपासून बंधू वेंडेल पुन्हा मुलांचा वर्ग घेतील."

जॅनेल अजून उभीच होती.

"माफ केलं म्हणाले मी. मुलं त्यांच्या हाती द्या, असं नाही म्हणाले."

बाकं करकरली. बिशपनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"व्हर्ना, मुलीला खाली बसव."

व्हर्नाने लेकीची बाही धरली. आई आता ओढणार हे ठाऊक असल्यासारखे जॅनेलने डोळे मिटून घेतले होते. ते मिटलेले डोळे बघून व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार लावलेल्या त्या खोलीतही पोरीने असेच डोळे मिटले असतील.

तिने बाही सोडली आणि स्वतः उभी राहिली. प्रार्थनाघरात बायका विचारल्याशिवाय बोलत नसत.

"तो होकार तिचा नव्हता," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "मी ढोसलं तिला. तो माझा होता."

मर्लने मान वर केली नाही. एका तरुण बाईने आपल्या छोकरीला बाकावरून उचलून मांडीवर घेतलं.

जॅनेलने डोळे उघडले. आईकडे मात्र तिने पाहिलं नाही. व्हर्ना तशीच उभी राहिली.