उजवीकडे जाताना

क्लोरिनच्या छोट्या वर्तुळाबाहेरचा रंग तिने नखाने खरवडला, तशी खाली दडलेली जुनी हिरवी कड वर आली. मूळ वर्तुळ दुपटीने मोठं होतं.

"राहिलंय का अजून?" हेडमास्तर वाकून बघत हसले. "काय गंमत झाली होती तेव्हा! मी नुकताच लागलो होतो. पेंटरकाकांनी अख्खं रसायनशास्त्र उलटं टांगलं होतं भिंतीवर."

बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांनी रंगवलेली शाळेची ही भिंत पुढच्या आठवड्यात पाडायची होती. त्याआधी घरच्यांनी त्यांचं काम एकदा पाहून जावं, म्हणून हेडमास्तरांनी दोघी मायलेकींना मुद्दाम बोलावलं होतं. मूलद्रव्यांचा तक्ता भिंतभर पसरला होता आणि प्रत्येक चौकटीत त्या त्या अणूच्या आकाराचं वर्तुळ. खिळा, सुतळी आणि खडू एवढ्यावर काढलेलं, पण एकही कुठे वाकडं नव्हतं.

"हात सोन्याचा हो त्यांचा," आई म्हणाली. "पण कुणाला विचारतील तर शपथ. आपलंच घोडं दामटायचं."

लेकीचं बोट भिंतीवरच थांबलं.

विचारलं होतं. ती नववीत होती तेव्हा. शाळेने दिलेल्या यादीत नावं होती, आकार नव्हते. बाबा रंगाचा डबा ढवळता ढवळता म्हणाले होते, "उजवीकडे जाताना हे गोळे मोठे होतात की लहान गं?"

"एकेक इलेक्ट्रॉन वाढत जातो. म्हणजे मोठेच होणार ना! साधी गोष्ट आहे, बाबा."

"नक्की?"

"वर्गात पहिली कोण येतं?"

यावर ते खूश होऊन हसले होते. तो धडा वर्गात अजून यायचाच होता.

मग एका सकाळी, सगळी शाळा प्रार्थनेला उभी असताना विज्ञानाच्या सरांची नजर भिंतीवर गेली. सोडियम लिंबाएवढा आणि क्लोरिन भोपळ्याएवढा.

"काय पेंटर, कुठल्या विद्यापीठात शिकलात हे?"

पोरं खो खो हसली. शेजारच्या हसल्या म्हणून तीही हसली.

"चुकलं, सर," बाबा शिडीवरून म्हणाले. "अडाणी माणूस." मुलींच्या रांगेकडे त्यांनी पाहिलं नाही. न पाहण्याची ते किती काळजी घेतायत, हे तिला तेव्हाही कळलं होतं. पुढचे दोन रविवार त्यांनी एकेक वर्तुळ पुसून पुन्हा काढलं. घरी ते तिला काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

आता ती स्वतःच कॉलेजात हा धडा शिकवायची. केंद्रकाची ओढ वाढत जाते, इलेक्ट्रॉन आत खेचले जातात, अणू आक्रसत जातो. दरवर्षी कुणीतरी छातीठोकपणे "मोठा होतो, मॅडम!" म्हणायचं, आणि ती फळा पुसायला वळायची. फळा कोरा असला तरी.

"आई," ती म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं. मला. मीच सांगितलं, मोठे होतात म्हणून."

"अहो, पोरसवदा होतात तुम्ही!" हेडमास्तर पुन्हा हसू लागले, पण आईचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

आई तक्त्याकडे पाहत राहिली. तिला त्यातलं एकही अक्षर कळत नव्हतं.

"आठ दिवस मी बोलले नव्हते त्यांच्याशी," ती म्हणाली. "चारचौघांत शोभा करून घेतली म्हणून. ताट नुसतं पुढ्यात सरकवायची. 'तुमच्यामुळे पोरीला शाळेत मान खाली घालावी लागते,' असंही मी म्हणाले."

"आणि ते?"

"म्हणाले, 'खरंय तुझं.'"

मैदानापलीकडे कुणीतरी घंटेचा टोल दिला. आईने पदर सारखा केला आणि ती निघायला वळली.

"आता कशाला सांगितलंस गं मला?"

तिने आईचा हात धरायला आपला हात पुढे केला.

"असू दे," आई म्हणाली. "येते माझी मी."