शीर वर येईपर्यंत

उंदराची शेपटी आधी कोमट पाण्यात धरायची. शीर वर आली की सुई टोचायची. प्रयोगशाळेतलं हे काम म्हणजे तिच्या हातचा मळ. थेंबभर रक्तावरून कॅन्सर ओळखायची चाचणी तिथे तयार होत होती. चाचणी खरं बोलते की थापा मारते, हे कळायला एकच वाट होती. उंदीर मारायचा, कापायचा आणि आत बघायचं. गाठ मोहरीएवढी असली तरी तिला सापडायचीच. तिच्या हातचा एकही निकाल खोटा निघाला नव्हता.

मग माणसांचं रक्त तपासायची वेळ आली, आणि तुलनेला धडधाकट माणसं कमी पडली. तिनं आईला गळ घातली. "उंदरांचं झालं, आता माझा नंबर होय?" म्हणत आई हसत हसत आली. कुठून ही दुर्बुद्धी सुचली! सगळ्यांत वाईट निकाल आला तो नेमका आईचाच.

स्कॅन केले, त्यांत काही दिसेना. सर्जन म्हणाले, "नसलेल्या गाठीवर सुरी कुठे चालवू? गाठ दिसू दे, मग बघू." अहो, दिसायच्या आत कळावं म्हणून तर ही सगळी उठाठेव! पण सांगणार कोणाला? तिच्या साहेबांनीही हात वर केले. "पुन्हा रक्त घेऊन बघ," एवढंच म्हणाले.

काळजीनं आईचं अन्न तुटलं होतं. आता शीरच सापडेना. शेवटी तिनं स्वयंपाकघरातून पातेलंभर कोमट पाणी आणलं आणि आईचा हात त्यात धरला.

"उंदरांचंही असंच करता?" आईनं विचारलं.

"हो."

"आणि खरं-खोटं कसं ठरवता गं?"

ती पाण्यातला हात चोळत राहिली. आई काही दूधखुळी नव्हती.

"उघडून बघता ना? नशीबवान मेले. एकदाचा सोक्षमोक्ष तरी लागतो."

"आई, पुरे ना."

इतकी वर्षं केलेलं सगळं काम मातीत जावं, चाचणी साफ खोटी निघावी, असं तिला मनापासून वाटलं.

"कधी चुकते का गं तुझी चाचणी?"

"पुष्कळदा," ती म्हणाली.

लहानपणापासून तिचं खोटं आईला लगेच कळायचं. आईनं तिच्याकडे नीट बघितलं.

"मग काय काळजी," आई म्हणाली आणि ओला हात तिच्यापुढे केला.