मास्तरांची नजर

"पण या आजाराचे जे थोडे पेशंट होते, त्यांचं पुढं काय झालं?" मास्तरांच्या बायकोने पुन्हा विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, मूत्राशयाचा कॅन्सर आम्ही रोज बघतो. पण हा प्रकार फार विरळा. पेशंटच कमी, मग कुठल्या औषधानं कोण वाचेल हे छातीठोकपणे कसं सांगणार? केमोनं मास्तरांची गाठ आधी आक्रसली, पण आता लिव्हरमध्ये पोचलीय. उद्यापासून दुसरं औषध देऊन बघू."

"म्हणजे बरं कुणीच झालं नाही?"

"झाले की काही. लघवीत पहिल्यांदा लाल दिसलं आणि तेव्हाच धावत आले, ते."

 मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "घ्या! जन्मभर चारचौघांसारखा वागलो, आणि आजार तेवढा जगावेगळा." कुणालाच हसू आलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हे, रंगमास्तर; कापड गिरणीच्या रंगखात्यात रंग मिसळायचे. तिथे सगळ्यांच्याच लघवीला रंगाची झाक यायची. निळं कापड चालू असलं की निळसर, पिवळं असलं की पिवळीधमक. नवा माणूस ते बघून घाबरला की बाकीचे पोट धरून हसायचे. मास्तरांना लाल दिसलं तेव्हा खात्यात लालच चालू होता. पुढे हिरवा लागला तरी लाल येतच राहिलं, तेव्हा कुठे ते डॉक्टरांकडे गेले. तोवर फार उशीर झाला होता. लाल रंगाची प्रत्येक छटा नुसत्या नजरेने सांगणारा हा माणूस, आणि फसला तो नेमका तिथेच.

घरी आल्यावर ते काही न खाता पडून राहिले. संध्याकाळी धाकटा भाऊ कामावरून आला. त्याला मास्तरांनीच शब्द टाकून रंगखात्यात चिकटवलं होतं. तो संडासात शिरला, तसे मास्तर भिंतीला धरत उठले.

"आज कुठला रंग होता रे?"

"लाल, दादा," आतून आवाज आला.

"पाणी सोडू नकोस. दार उघड."

"दादा, काहीतरीच काय!"

"उघड म्हणतो ना!"

भाऊ ओशाळून बाजूला झाला. मास्तर वाकून बघत राहिले. फिकट लाल होतं. रंगाचं की रक्ताचं, त्यांना काही केल्या कळेना. 

"रंगच आहे, दादा. सगळ्यांचंच असं असतं."

"मीपण हेच म्हणायचो."

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "उद्या दवाखान्यात माझा नंबर आला की याला आत पाठव. मी बाहेर बसतो."

"आणि तुमचं औषध?"

 भावाचं मनगट घट्ट धरून मास्तर तिथेच उभे राहिले आणि कुणालाच पाणी सोडू देईनात.