समेटाची बाटली

"भांडायचं तर कोंबडीवरून भांड गो. घरातलं काय काढू नको," असं तुळसानं वाटेत दोनदा बजावलं होतं. व्हेरोनिकानं ते कानाआड केलं. दीड वर्षाची मर्सी तापानं फणफणत होती, आणि असल्या वेळी आईच्या कानात लेकराच्या श्वासाखेरीज दुसरं काही शिरत नाही.

दोघी कोलशेतच्या. व्हेरोनिकाचा नवरा झेवियर मीठ वाहणाऱ्या पडावावर, तुळसाचा राघो मिठागरावर. दोन घरांच्या मधे एक विहीर आणि वालाचा एक वाफा. एकीनं चूल पेटवली की दुसरी निखारा मागायला यायची. दोघींत साधी तू-तू मैं-मैं झालेली गावात कुणी ऐकली नव्हती, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसली होती.

कारण आदल्या आश्विनात, म्हणजे सन १८९३ साली, खाडीकाठाला हिवतापाची अशी साथ आली की त्यावरचं औषध, कोयनेल, उरलं ते फक्त ठाण्याच्या टेंभी नाक्यावर, सार्वराष्ट्रीय शांती-आरोग्य मंडळीच्या कपाटात. ही मंडळी बिलायतेतली. तिथल्या दयाळू बायांनी आधी तापासाठी वर्गणी दिली. पण ताप काही हटेना, तेव्हा त्या कंटाळल्या. मग मंडळीनं जगात शांती आणायचं मनावर घेतलं. शांतीला पैसा धो धो आला. आता शांतीचा पैसा औषधाला लावायचा कसा? तिकडच्या शहाण्यांनी नियम केला की दोन वैरी जिथे समेट करतील तिथेच औषध द्यावं. साध्या कुरबुरीला अर्धी बाटली, वैराला एक, आणि पिढीजात वैराला तीन.

मंडळीचे ठाण्याचे चिटणीस गुरुदत्तराव हे कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आलेला रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या जिवावर येई. तिकडून आलेल्या पहिल्याच तक्त्यात 'किती तोफा थंडावल्या' असा प्रश्न होता. त्यांनी 'एकही नाही' असं लिहून शेजारी 'ईश्वरकृपेने सध्या तरी' अशी पुस्ती जोडली.

मंडळी आल्यापासून अवघा मुलूख भांडकुदळ झाला. एकमेकींवाचून घास न उतरणाऱ्या जावा झिंज्या धरून मंडळीचा जिना चढू लागल्या. कल्याणच्या दोन सख्ख्या भावांचा सहा वेळा समेट झाला. सातव्या खेपेला ते भांडणाचा विषयच विसरले, आणि जिन्यावर बसून एका फणसाच्या झाडाबद्दल एकमेकांना पढवत असताना सापडले. तक्ते मात्र भरत होते, आणि बिलायतेत सगळे फार खूश होते म्हणे.

तर त्या दिवशी मर्सीला जिन्यापर्यंत तुळसानंच कडेवर आणलं. पहिल्या पायरीशी ती थांबली.

"घे गो पोरीला. वैरिणीच्या कडेवर बघितली तर म्हातारा काय म्हणेल?"

दोघी हसल्या. मग तोंडं वाकडी करून वर गेल्या.

वर गुरुदत्तराव टाक घेऊन बसलेले. कपाटाशी बेसिल कंपौंडर उभा. तो व्हेरोनिकाच्याच चर्चला जाणारा, पण कपाटाची किल्ली कमरेला आल्यापासून तो ओळखीचं हसणं बेतानंच वापरी.

"बोला, वैर कशावरून?"

"हिची कोंबडी माझ्या वालात शिरली, सायब," व्हेरोनिका म्हणाली.

"आणि हिनं तिला दगड मारला," तुळसा म्हणाली. "लंगडते बिचारी."

गुरुदत्तरावांनी टाक खाली ठेवला. "कोंबडी? अहो बाई, या महिन्यात अकरा कोंबड्या झाल्या. वरून पत्र आलंय, ठाणे जिल्ह्यात मनुष्यांचीही भांडणं आहेत की नाहीत म्हणून."

"निदान कुरबुरीत तरी बसवा, सायब," बेसिल हळूच म्हणाला.

"कुरबुरीच्या बाटल्या संपल्या. वैर असेल तर सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

पुढचा महिना. मर्सीची मान व्हेरोनिकाच्या खांद्यावर कलंडली होती, आणि तिचा श्वास पाणी आटलेल्या विहिरीत पोहरा घासावा तसा वाजत होता. व्हेरोनिकानं मनात हात घातला आणि जे पहिलं हाताला लागलं ते बाहेर काढलं.

"कोंबडी कसली, सायब. मागल्या साली हिचं पोर गेलं ना, तवापासून ही माझ्या मर्सीला नुसती बघत राहते. हिच्या नजरेनंच ताप आलाय माझ्या पोरीला."



तुळसाचं पोर गेलं होतं ते व्हेरोनिकाच्याच मांडीवर. तुळसाला तेव्हा स्वतःला ताप होता, उठवत नव्हतं. तीन दिवस पोराला मांडीवर घेऊन बसली होती ती व्हेरोनिका.

"हां, हे आधी बोलायचं," गुरुदत्तराव टाक बुडवत म्हणाले. "शिवाय धर्म दोन. पिढीजातमध्ये सहज बसेल. बेसिल, तीन बाटल्या काढ."

त्यांनी दोघींचे हात धरून एकमेकांत दिले, स्वतःच आशीर्वाद पुटपुटले आणि तुळसाचा अंगठा कागदावर टेकवला. तिनं तो टेकवू दिला. शाई पुसायला बेसिलनं फडकं पुढे केलं, तेही तिनं घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर मर्सी एकट्या व्हेरोनिकाच्या कडेवर होती. वाटेतलं माजिवडं आलं तशी तुळसा आपल्या भावाच्या, काळुरामच्या, घराकडे वळली.

"अगं, औषधासाठी बोललेले मी," व्हेरोनिका म्हणाली. "तुला ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय मना." तुळसानं मागे वळून मर्सीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "पण शोधायला तुला येळ नाय लागला."

मर्सी दीड बाटलीत बरी झाली. दिवाळीला चालू लागली, आणि चालायची ती थेट शेजारच्या बंद दाराशी. तुळसा परत आलीच नाही. राघो मिठागरावरून रोज माजिवड्याला जाऊ लागला आणि वालात कोंबडी शिरायची थांबली.

शेवटी व्हेरोनिका पुन्हा टेंभी नाक्याला गेली.

"सायब, आता खरं भांडण झालंय. तेवढं मिटवा."

"कुणाशी?"

"तुळसाशी."

गुरुदत्तरावांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत बिलायतेचं पत्र लावलेलं. कोलशेतच्या दोन स्त्रियांनी पिढ्यांचं वैर विसरून जगाला धडा घालून दिला, असं त्यात छापलं होतं. त्या पत्रावर म्हणे तिकडे भर सभेत वर्गणी गोळा झाली.

"बाई, तुमचं भांडण मिटलेलं आहे."

"नाय मिटलं. ती माझ्याशी बोलत नाय."

"हळू बोला." त्यांनी दाराकडे पाहिलं. "वर कळलं तर औषधाच्या पुढच्या पेट्या बंद होतील. सगळ्या खाडीकाठाच्या जिवाचा प्रश्न आहे. तेव्हा कृपा करून सुखानं नांदा."

त्या मजल्यावर आजवर चढलेलं पहिलं खरं भांडण असं हात हलवत खाली उतरलं. जिन्यावर कल्याणचे भाऊ बसले होते. या वेळी त्यांनी म्हशीवर एकमत केलं होतं.

चार दिवसांपूर्वी राघोकडून कळलं की तुळसाला पुन्हा हिव भरतंय. दुपार झाली की दातांवर दात वाजतात. व्हेरोनिकानं उरलेल्यातली अख्खी बाटली म्हावरं विकायला जाणाऱ्या कमळाबाईच्या पाटीतून पाठवली. ती बुचासकट परत आली. स्वतः गेली, तर काळुरामनं दार अर्धंच उघडलं आणि "झोपली हाय" म्हणाला. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

बाटली आता व्हेरोनिकाच्या फडताळात आहे, मर्सीच्या हाताला लागणार नाही अशी उंच. कोलशेतहून ठाण्याकडे जाणारा जो कुणी दारावरून जातो त्याला ती थांबवते आणि पाणी विचारते. मग जे सांगते ते तुम्हीही ऐकून घ्या: माजिवड्याला काळुरामचं घर विचारलंत तर कुणीही दाखवील. ही बाटली न्या, माझं नाव काढू नका, कंपौंडरनं दिली म्हणा. आणि देऊन लगेच निघू नका. तुळसा तुमच्यासमोर घोट घेते का, तेवढं बघा. घेतला तर येताना या वाटेनं या, आणि नाही घेतला तरी या.