सरोवरावरची अकरा पावले

मी एक जुनी घसरगाडी आहे. मला चाके नाहीत, इंजिन नाही. पोलादाच्या दोन लांब, लवचीक पात्या, पुढे बर्चच्या लाकडाचे छोटे आसन आणि मागे धरायला एक आडवा दांडा, एवढाच माझा देह. मला चालवणारा एक पाय पातीवर ठेवतो आणि दुसऱ्या पायाने बर्फाला मागे रेटतो. मग मी निघते, आणि माझ्या मागे दोन बारीक रेघा उमटत जातात.

मित्रांनो, मला घडवले कोइवुसालमी गावच्या एका लोहाराने. त्याने माझ्या पात्या इतक्या हळुवारपणे वाकवल्या की त्या वळणात अजून त्याच्या हाताची ऊब असावी, असे मला वाटते. पहिली काही वर्षे मी दुधाच्या बरण्या वाहिल्या. नंतर सरपण, टपाल आणि एकदा तापाने फणफणलेली, घोंगडीत गुंडाळलेली एक मुलगी. डॉक्टरांच्या दारात तिच्या वडिलांनी माझ्या दांड्यावर थोपटले होते. माझ्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी शाबासकी तीच.

पुढे बर्फाळ रस्त्यांवर खडी टाकू लागले. माणसे घसरून पडू नयेत म्हणून टाकतात, त्याला माझी तक्रार नाही. पण खडीवर माझ्या पात्या किंचाळतात. मी लाकडांच्या खोपटात टांगली गेले. अकरा हिवाळे मी फक्त फटींतून पाहिले. माझी मालकीण साइमी एकोणऐंशी वर्षांची आहे. तिच्या सुनेने मागच्या उन्हाळ्यात मला लाल रंग देऊन माझ्यावर फुलांच्या कुंड्या मांडायचे ठरवले होते.

"त्या गाडीला हात लावायचा नाही," साइमी म्हणाली. "मार्चमध्ये मला ती लागणार आहे."

कारण लेम्पी. लेम्पी ही साइमीची मैत्रीण. दोघींनी चाळीस वर्षे एकाच दुग्धशाळेत काम केले. आता ती सरोवराच्या पैलतीरी, गावातल्या वृद्धाश्रमात राहते आणि चाकांच्या खुर्चीतून हिंडते. फोनवर ती एकच गोष्ट मागत असे : "एकदा मला बर्फावर ने गं. भिंती बघून डोळे आंबलेत माझे." मागच्या वर्षी साइमीच्या कंबरेने दगा दिला होता. या वर्षीचा मार्चही सरत आला; गोठलेल्या सरोवरावरून जाणारी वाट उद्यापासून बंद होणार होती. उरला होता हा एकच दिवस, तोही दुपारपर्यंत. कारण सरत्या हिवाळ्यात ऊन चढले की बर्फावर पाणी साचते.

साइमीने माझा गंज घासून काढला, आसनावर मेंढीचे कातडे बांधले आणि सकाळी आम्ही निघालो. बर्फात रोवलेल्या फांद्या वाट दाखवत होत्या. उजेड असा होता की जणू आकाश खाली उतरून पसरले होते. इतक्या वर्षांनी माझ्या पात्या पुन्हा गाऊ लागल्या.

गावात शिरताच साइमी काठालगतच्या दुकानात गेली; लेम्पीला साय भरलेले गोड पाव आवडतात. दुकानाबाहेर आम्ही सात घसरगाड्या ओळीने उभ्या होतो. आमच्या गावात घसरगाडीला कुलूप लावणे म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणे.

तेवढ्यात ओइवा नावाचा म्हातारा मासेमार दुकानातून बाहेर आला. आतल्या अंधारातून थेट त्या लखलखाटात आल्यामुळे त्याचे डोळे दिपले. त्याने आपली पिशवी माझ्या आसनावर आदळली, दांडा धरला आणि तो मला घेऊन निघाला.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. तो डाव्या पायाने रेटत होता. साइमी उजव्याने रेटते. प्रत्येक धक्क्यासरशी मी लेम्पीपासून दूर जात होते, आणि सूर्य वर चढत होता.

मासे धरायला त्याने बर्फात पाडलेल्या छिद्रापाशी पोचल्यावर तो बसायला वळला आणि थबकला.

"मेंढीचं कातडं? माझ्या बुडाला एवढा मान कुणी दिला?" मग त्याने कपाळावर हात मारला. "ओइवा, गाढवा!"

त्याने गळही टाकला नाही. घामाघूम होत तो मला परत घेऊन आला. साइमी त्याच्या गाडीशेजारी, हातात पाव घेऊन ताठ उभी होती. दुकानदारीणबाई तिला केव्हाची सांगत होती म्हणे, "घेऊन जा ना ती, सारख्याच तर आहेत." साइमीचे उत्तर ठरलेले होते : "मी ही नेली, तर तो आल्यावर काय नेईल?"

"ही माझी नाही," ओइवा म्हणाला.

"नाही," साइमी म्हणाली.

"एक तास खाल्ला मी तुझा. सोबत येऊ का?"

"नको रे बाबा. तू वाट दाखवलीस तर आम्ही सीमेपलीकडे रशियात पोचू."

वृद्धाश्रमाच्या दारात परिचारिका यान्निका घड्याळाकडे पाहत होती. "साइमीआजी, साडेअकरा झालेत. बर्फावर पाणी यायला लागेल. पुढच्या वर्षी न्या ना."

"पुढचं वर्ष तू मला लिहून देतेस का?" खुर्चीतून लेम्पी म्हणाली. टोपी, हातमोजे घालून ती सकाळपासून तयार होती.

यान्निकाने घड्याळ बाहीखाली सरकवले. मग म्हणाली, "पहिल्या फांदीपर्यंतच. मी किनाऱ्यावर उभी राहते."

लेम्पी माझ्यावर बसली. किती हलकी झाली होती ती! आम्ही बर्फावर उतरलो. फांदीपाशी पोचताच लेम्पी म्हणाली, "थांब. उठव मला."

"थंडी वाजते का गं?"

"नाही. तू बस."

"वेडी झालीस का? पडशील!"

"पडायला धरायचं काही नसावं लागतं. हा दांडा आहे की. बस म्हणते ना, साइमे!"

साइमी बसली. माझ्या दांड्यावर लेम्पीचे दोन्ही हात आले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग एक पाय बर्फावर घासला गेला आणि मी वीतभर सरकले. किनाऱ्यावर यान्निकाने 'परत या' म्हणून हात उंचावला, आणि तसाच धरून ठेवला. दुसरे पाऊल. तिसरे. मी माझे सारे वजन विसरण्याचा प्रयत्न केला. अकरा पावले झाली.

"दमले," लेम्पी धापा टाकत म्हणाली. "पण गेलो की नाही पुढं?"

"गेलो," साइमी म्हणाली. ती मागे वळली नाही. तिला डोळे पुसायचे होते.

मित्रांनो, जुन्या गोष्टींवर तुम्ही माया करता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही त्यांना रंग देता, कोपऱ्यात जपून ठेवता. म्हाताऱ्या माणसांना उबेत बसवता, अलगद इकडून तिकडे नेता. ते चांगलेच आहे. पण कधीतरी, बर्फ अजून घट्ट आहे तोवर, तुम्ही पुढे जाऊन बसा आणि दांडा त्यांच्या हाती द्या.