विमानाचं पोट

कमळाकरशेठने कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून विमान आणलं, तेव्हा ते बघायला अख्खं कामोठं लोटलं. विमान म्हणजे फक्त पुढचा अर्धा भाग. ना पंख, ना शेपूट. हायवेला लागून त्याचा एक प्लॉट होता. तिथे ओट्यावर ते बसवून त्यात हॉटेल काढायचं त्याच्या मनात होतं. उद्घाटन दसऱ्याला.

मी त्याच्याच बिल्डिंगमध्ये भाडेकरू. माझी सगळी नोकरी एका विमान कंपनीच्या तांत्रिक ग्रंथालयात झाली. विमानाला हात लावायची वेळ क्वचितच आली. जाडजूड पुस्तकं इतरांना काढून देता देता मी ती वाचायचो, एवढंच. पण कमळाकरच्या लेखी मी ‘विमानवाले काका’. मी त्याला खरं सांगायला जायचो आणि शब्द तोंडातच राहायचे.

“काका, वर रंग हाय आन पोट उघडंच. पैशे संपले काय कंपनीचे?”

वरचा भाग पांढरा होता, खिडक्यांखालून निळा पट्टा गेला होता, आणि त्याखाली नुसता चकचकीत धातू. मी म्हटलं, रंगालाही वजन असतं, तेवढं इंधन जास्त जळतं. उघडा धातू हलका पडतो, पण तो सारखा घासावा लागतो. शिवाय खारी हवा त्याला खाते. “इथे खाडी जवळ आहे. पोटालाही रंग द्यावा, असं मला वाटतं. म्हणजे, नक्की सांगता येणार नाही.”

“ऱ्हाऊ दे तसंच. चमकतंय बघा कसं. गाडीवाले लांबून थांबतील.”

ते पोट साफ करायचं काम त्याने बायकोला दिलं. गोजराताईंना काहीतरी काम हवंच होतं. त्यांचा मुलगा रूपेश आदल्या वर्षी होडी घेऊन खाडीत चिंबोऱ्या पकडायला गेला, तो परत आला नाही. होडी सापडली, रूपेश नाही. तेव्हापासून त्या कुणाशी फारसं बोलत नसत.

त्यांनी चिंच आणि राख आणली. जाता जाता मी थबकलो.

“ताई, हे ॲल्युमिनियम आहे. याला चिंच चालत नाही. राखेने तर आणखीनच काळं पडेल.”

“देवाची भांडी लख्ख होतात. याला काय धाड भरली?”

मी वाटेला लागलो. पुस्तकाप्रमाणे तो धातू काळवंडायला हवा होता. तो दिवसेंदिवस उजळत गेला.

मग एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली. हातातलं फडकं थांबलं नव्हतं.

“काका, रूपेश दिसतो यात. आधी पार खाडीच्या बांधाला उभा होता. आता रस्त्याच्या कडंला आलाय.”

मी वाकून पाहिलं. पत्र्याच्या गोलाईत आम्ही दोघं बुटकी आणि फुगलेली दिसत होतो. मागे हायवे, एक डंपर, पलीकडे बांध. आणखी कुणी नव्हतं. तसं सांगायचं मला धैर्य झालं नाही. “हं,” म्हटलं आणि घरी आलो.

“गोल पत्र्यात काहीही दिसतं,” माझी बायको वैजयंती म्हणाली. “तुम्हाला सरळ आरशात तरी कुठे नीट भांग पाडता येतो?”

पण गोजराताईंचं जेवण सुटलं. भर उन्हात त्या पोटाला कपाळ टेकून उभ्या राहू लागल्या. आणि एक दिवस तिथेच कोसळल्या. त्यांना घरी नेऊन निजवलं, तर डोळे उघडे, पण ओळख नाही. कमळाकर माझ्या दारात आला, तोंड सुकलेलं.

“डॉक्टर बोलतो, अंगात काय आजार नाय. काका, त्या पोटाला रंग मारू का? शुद्धीत आली आन ते झाकलेलं बघितलं, तर ती जीव दील. नाय मारला तर अशीच जाईल. पोऱ्या तर गेलाच…”

एका आईला जे दिसत होतं ते मी पुसायला सांगायचं? मी म्हटलं, एकदा बघून येतो.

भर दुपारी प्लॉटवर कुणी नव्हतं. फक्त हॉटेलची पाटी रंगवायला आलेला ज्योतिबा पेंटर विमानाच्या सावलीत डबा खात बसला होता. मी पोटासमोर उभा राहिलो. त्यात मी होतो, माझी छत्री होती, हायवे होता. हायवेपलीकडे दोघं जण बांधावरून खाडीच्या दिशेने चालली होती. एक उंच मुलगा, आणि त्याच्या मागे काष्टा घातलेली बाई. बाईच्या हातात फडकं होतं.

मी वळून पाहिलं. बांध रिकामा होता. ऊन तेवढं हलत होतं.

परत पत्र्यात पाहिलं, तर ती दोघं आणखी लहान झाली होती.

आयुष्यात मी कुणाला हुकूम केल्याचं मला आठवत नाही. “ज्योतिबा, ऊठ. रंग घे. या टोकापासून सुरुवात कर, खाडी दिसते त्या बाजूने.”

“काका, डबा तरी…”

“आत्ता.”

त्याने ब्रश उचलला. पांढरा रंग खाडीवरून फिरला, मग बांधाच्या टोकावर. मुलगा त्या पांढऱ्यापाशी थांबला. बाईही थांबली. त्याने मागे वळून पाहिलं, आणि ब्रश त्याच्यावरून गेला. ज्योतिबाला काही दिसत नसावं. तो शीळ घालत होता.

मग थोडासाच धातू उरला, आणि त्यात ती एकटी. मी ज्योतिबाचं मनगट धरलं.

“थांब.”

“काय झालं?”

“थांब जरा.”

ती बराच वेळ पांढऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली. चालत मोठी होत आली, रस्ता ओलांडला, माझ्या खांद्यामागे आली आणि पत्र्यातून निघून गेली. माझ्या मानेपाशी क्षणभर चिंचेचा वास आला. मी मनगट सोडलं.

कमळाकरच्या घरी पोचलो, तर गोजराताई उठून बसल्या होत्या आणि पेज मागत होत्या. कमळाकर माझ्या पाया पडायला लागला. मला कुठे बघावं कळेना.

दसऱ्याला हॉटेल सुरू झालं. पांढरंशुभ्र विमान बघून गाड्या थांबतात. गोजराताई गल्ल्यावर बसतात, जेवतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. माझ्याशी त्या एकदाच बोलल्या. चहाचा कप पुढे ठेवून हळू आवाजात म्हणाल्या,

“काका, तो मला न्यायला नव्हता आला. वाट चुकला होता. मी वाट दाखवायला पुढं होनार, तर तुमी दार लावलं.”

मी जे पाहिलं त्यात तो पुढे होता आणि त्या मागे. निदान मला तसं दिसलं. गोलाईत पुढचं-मागचं कसं ठरवायचं, हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

खाडीकडच्या टोकाला रंगाला फुगे येतात. उंच मुलाचा खांदा येईल तेवढ्या उंचीवर. ज्योतिबा खरवडून पुन्हा रंगवतो, पुन्हा येतात. फुगा टोचला की आतून पाणी निघतं, खारट. असं का, म्हणून कमळाकरने विचारलं. रंगाखाली खारं पाणी शिरलं की असे फुगे येतात, असं पुस्तकात दिलेलं आहे. मी त्याला तेवढंच सांगितलं.